पाच सेंटीमीटरचा सोल्जर आणि त्याच्यावरचं ऊन

टँक, विमानं, जहाजं यांची स्केल मॉडेल बनवणारे बरेच जण फिगर, म्हणजे माणसाची छोटी प्रतिकृती, म्हटलं की मागे सरकतात. टँकवर चिखल उडवतील, गंज काढतील, ट्रॅकची एकेक कडी जोडत बसतील आणि बॉक्समधे आलेला क्रू मात्र तसाच स्प्रूवर, म्हणजे सुटे पार्ट ज्यात येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, राहून जातो. का, तर चेहरा जमत नाही. मला विचाराल तर चेहऱ्याचा एवढा बाऊ करायची गरजच नाही, म्हणजे तो महत्त्वाचा आहेच पण फिगर बिघडते ती बहुतेक वेळा त्याच्या खूप आधी. आणि बिघडायचं कारण बघितलं तर साधं असतं, आपण कपड्याला कपड्याचा रंग देतो आणि थांबतो, त्या कपड्यावर पडलेला उजेड द्यायचा राहतो.

हे जरा नीट सांगतो. १/३५ स्केलमधे, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या मापात, पावणेसहा फुटाचा माणूस साधारण ५ सेंटीमीटरचा होतो. आपण तो हातात धरून बघतो, धरा अर्ध्या मीटरवरून, म्हणजे त्याच्या हिशोबाने आपण साडेसतरा मीटर लांब उभे आहोत. आता साडेसतरा मीटरवर उन्हात उभा असलेला खरा माणूस आठवून बघा. टोपीखाली काळोख, काखेत काळोख, खांद्यावर ऊन चमकतंय, डोळे तर दिसतच नाहीत, भुवयांखाली फक्त एक गडद पट्टा. ऊन एका बाजूने येतं म्हणून हे सगळं होतं. आपली फिगर मात्र खोलीत आहे, तिच्यावर उजेड छतावरून येतो, भिंतीवरून परत येतो, खिडकीतून येतो, सगळीकडून थोडा थोडा, त्यामुळे सावल्या पुसट. वर साच्यातून निघालेल्या घड्या मुळातच उथळ. त्यामुळे अगदी म्युझियममधल्या कापडाशी जुळवून आणलेला खाकी रंग दिला तरी ती फिगर खाकी प्लास्टिकची बाहुलीच दिसते. उन्हाने जे काम करायचं ते ब्रशने करावं लागतं, बस, एवढंच आहे सगळं.

म्हणून मी उदाहरणाला घेतोय ब्रिटिश आठव्या आर्मीचा शिपाई, उत्तर आफ्रिका, १९४२, इजिप्तमधल्या अल अलामेनच्या आसपासचा. बऱ्याच कंपन्यांनी हे सेट काढलेत आणि शिकायला याच्यासारखा विषय नाही, कारण वाळवंटातलं ऊन म्हणजे उजेड कुठून येतोय यावर चर्चाच नको, डोक्यावरून येतोय. शिवाय हाफ पँट असल्यामुळे गुडघे, हात, चेहरा, कातडीवर हात बसवायला भरपूर जागा मिळते.

आधी जोडणी. हा भाग कंटाळवाणा म्हणून लोक उरकून टाकतात आणि नंतर रंगाला दोष देतात. प्लास्टिकची फिगर बनते स्टीलच्या साच्यात, वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने आत जातं आणि साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे पार्टवर बारीक रेघ उठते, तीच मोल्ड लाइन. ही रेघ प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारल्यावर जास्त दिसते आणि हायलाइट, म्हणजे उजेड दाखवणारा फिका रंग, मारल्यावर तर ओरडायला लागते, कारण उठलेल्या प्रत्येक कडेवर फिका रंग जाऊन बसतो. हॉबी नाइफचं ११ नंबरचं ब्लेड घ्यायचं आणि धार उभी धरून खरवडायचं, कापायचं नाही, मग ४०० आणि ६०० ग्रिटच्या सँडिंग स्टिकने हलकंसं घासायचं. बाहीच्या आतल्या बाजूला, दोन पायांच्या मधे आणि कानाच्या वरून जाणाऱ्या रेघा हटकून राहतात, तिथे मुद्दाम बघा. कानावरची काढताना कानच जातो, जपून.

साच्याची अजून एक मर्यादा आहे जी कळली की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. साचा सरळ उघडतो त्यामुळे आत वळलेला, खाली दडलेला भाग त्यात येऊच शकत नाही. म्हणून हात, पाय, डोकं, पाऊच वेगवेगळे देतात, आणि म्हणूनच छातीच्या बाजूला गेलेला पट्टा शरीरात विरघळल्यासारखा दिसतो. तिथे ब्लेडच्या टोकाने पट्ट्याची कड परत कोरून घ्यायची, कॉलर आणि मान यांच्यामधे फट करायची, पाऊचच्या झाकणाखाली एक खोल रेघ मारायची. दहा पंधरा मिनिटांचं काम असतं पण पुढे वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला गडद रंग, टाकल्यावर तो बरोबर याच रेघांमधे जाऊन बसतो.

हेल्मेटचंही तसंच. खरं स्टील हेल्मेट साधारण एक मिलिमीटर जाडीचं. प्लास्टिकच्या पार्टची कड अर्धा मिलिमीटर जरी धरली तरी ३५ ने गुणा, साडेसतरा मिलिमीटर जाड लोखंड डोक्यावर. आतून खरवडून कड बारीक करायची, फक्त कड, बाकी आत कोण बघतंय. एवढ्याने फिगरला जे वजन येतं ते हजार रुपयांच्या ब्रशने येत नाही.

ग्लूबद्दल थोडक्यात, पातळ सिमेंट वापरा, टामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन बहुतेकांकडे असतंच. दोन पार्ट आधी जुळवून धरायचे आणि फटीला नुसता ब्रश टेकवायचा, ते आपोआप आत ओढलं जातं. ते प्लास्टिक वितळवून जोडतं, म्हणजे खरं तर वेल्डिंगच, त्यामुळे चिकटलेल्या पार्टला थोडा वेळ हलवता येतं. फिगरमधे हा वेळ सोन्यासारखा. आधी दोन पाय जोडायचे, सपाट काचेवर उभे करायचे, मग धड बसवायचं आणि ग्लू मऊ आहे तोवर समोरून बघायचं की गळ्याच्या खळगीतून खाली सोडलेली सरळ रेघ कुठे पडतेय. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर ती पावलांच्या मधे पडली पाहिजे, एका पायावर रेलून उभा असेल तर त्या पावलाजवळ. ती बाहेर पडत असेल तर माणूस पडतोय, उभा नाहीये. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं हे त्याला लगेच कळतं.

हातांचं तर विचारू नका. रायफल धरलेल्या अर्ध्या फिगर्समधे हात रायफलला टेकलेलाच नसतो, बोटं हवेत, आणि खांद्याला लागायचा दस्ता खांद्यापासून लांब. ब्लू टॅकने, म्हणजे परत काढता येणाऱ्या चिकट गोळ्याने, सगळं आधी तात्पुरतं लावून बघायचं, हात आणि रायफल एकत्र, आणि गरज पडली तर मनगट कापून फिरवायचं. फट राहिली तर एपॉक्सी पुट्टी, मिलिपुट वगैरे. डोकं एकदम समोर बघणारं लावू नका. शरीर एकीकडे आणि मान थोडी दुसरीकडे, एवढ्यानेच तो काहीतरी बघतोय असं वाटायला लागतं. रायफलचा स्लिंग, म्हणजे खांद्याला अडकवायचा पट्टा, किटमधे बऱ्याचदा नसतोच, मास्किंग टेपची बारीक पट्टी कापून लावायची, रंग घेते, वाकते, फुकटात काम.

सगळं एकत्र चिकटवायचं का? मी तरी नाही चिकटवत. डोकं वेगळं, रायफल वेगळी, पाठीवरचं सामान वेगळं, प्रत्येकात बारीक भोक पाडून अर्ध्या मिलिमीटरची तार खोचायची आणि ती तार कॉर्कमधे. पण छातीवर आडव्या धरलेल्या रायफलच्या मागे ब्रश जाणार नाही असं वाटलं तरी एकदा स्वतःला विचारा की तिथे नजर तरी जाणार आहे का. नसेल जात तर चिकटवून मोकळे व्हा.

मग साबणाच्या पाण्याने धुवायचं, साच्याचं तेल आणि आपल्या बोटांचं तेल दोन्ही जातं, आणि प्राइमर. इथे खरी गंमत चालू होते. आधी सगळीकडे ग्रे किंवा काळा प्राइमर, पातळ, कारण रंगाचा पाच शतांश मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या माणसावर जवळजवळ दोन मिलिमीटर जाड लेप होतो. तो वाळला की फक्त वरून, डोक्याच्या दिशेने, पांढरा स्प्रे. एअरब्रश असेल तर उत्तम, नसेल तर कॅन चालतो, तोही नसेल तर मोठ्या मऊ ब्रशने जवळजवळ कोरडा पांढरा वरच्या बाजूंवर घासा. याला झेनिथल म्हणतात. पांढरा जिथे बसला तिथे ऊन, ग्रे राहिला तिथे सावली. हा सगळ्यात महत्त्वाचा नकाशा आहे, याचा मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, कारण दोन कोट रंग गेला की हा नकाशा झाकला जातो आणि मग आपण अंदाजपंचे हायलाइट मारत सुटतो.

आता खाकी. बॉटलवर लिहिलेलं 'खाकी' हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यावरून लोक हमरीतुमरीवर येतात. वाळवंटातले ते सुती कपडे, खाकी ड्रिल, नवीन असताना पिवळसर तपकिरी, आणि उन्हात धुवून धुवून जवळजवळ पांढुरके व्हायचे, एकाच प्लाटूनमधे चार छटा असायच्या. १९३७ पॅटर्नचे वेबिंगचे पट्टे पण तसेच, कॅनव्हासचे, उन्हाने उडालेले, कधी कधी कपड्यापेक्षाही फिके. त्यामुळे शर्ट एका छटेत, पँट जराशी वेगळी आणि पट्टे अजून वेगळे, असं केलं तर ते चूक नाहीच उलट जास्त खरं आहे. आणि त्याहून महत्त्वाचं, ५ सेंटीमीटरच्या फिगरवर सगळं एकाच खाकीत गेलं तर पट्टा कुठे संपला आणि शर्ट कुठे सुरू झाला हेच कळत नाही.

रंग किती पातळ करायचा याची माझी कसोटी अशी, वर्तमानपत्राच्या कागदावर ब्रश ओढायचा, खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. बेस कोटला जरा कमी पातळ चालतो. वेट पॅलेट वापरा, स्पंज ओला करून त्यावर बेकिंगचा कागद, अ‍ॅक्रिलिक तासन्‌तास ओला राहतो. ब्रश भरल्यावर आधी टिश्यूला टेकवायचा, नाहीतर पातळ रंगाचा थेंब घडीत जाऊन तळं होतं. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही, ब्रशचा फटकारा जिथे संपतो तिथे सगळ्यात जास्त रंग साचतो. म्हणून सावली देताना फटकारा खोलाकडे ओढायचा, हायलाइट देताना उंचवट्याकडे. ही दिशा सांभाळली तर निम्मं ब्लेंडिंग आपोआप होतं.

सावलीसाठी खाकीत काळा घालू नका, मेलेला राखाडी होतो तो. गडद तपकिरी घाला, थोडा हिरवा किंवा जांभळट चालतो. हायलाइटला पांढरा टाळा, आयव्हरी (हस्तिदंती) किंवा बफ (फिकट पिवळसर तपकिरी) घ्या, पांढऱ्याने कपडा खडू लावल्यासारखा दिसतो. आणि मग पुढे ढकला. म्हणजे जिथे वाटेल की बास, फार फिका होतोय, तिथून अजून एक पायरी. खांद्याचा माथा, पोटावर शर्ट जिथे फुगतो ती घडी, मांडीचा पुढचा भाग, पाऊचच्या झाकणाची कड. हातात धरून भडक वाटेल. शेल्फवर ठेवून दोन पावलं मागे या, मग बघा. मी हे नवीन लोकांना सांगतो तेव्हा ते मान हलवतात आणि घरी जाऊन परत बेस कोट अधिक ब्राऊन वॉश एवढ्यावरच थांबतात, घाबरतात, समजू शकतो.

कापडाप्रमाणे घड्या वेगळ्या, हे पण बघा. सुती कपड्याच्या घड्या तुटक, कडा धारदार, म्हणून हायलाइटही बारीक रेघेत. याच ब्रिटिशांचा युरोपातला बॅटलड्रेस जाड लोकरी सर्जचा, त्याच्या घड्या गोल, तिथे टोकाने ठिपके ठिपके देत गेलं की लोकरीचा खरखरीतपणा येतो. सगळ्यांना एकाच पद्धतीने रंगवलं तर सगळेच रेनकोट घालून आलेत असं वाटतं.

आता चेहरा, ज्याला सगळे घाबरतात. आकडे बघा आधी. माणसाचा डोळा साधारण ३० मिलिमीटर रुंद, म्हणजे इथे ०.८५ मिलिमीटर. बुबुळ १२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इथे एक तृतीयांश मिलिमीटर. आणि वर सांगितलं तसं आपण साडेसतरा मीटरवर आहोत, ऊन डोक्यावर आहे, हेल्मेटची कड आहे. म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग दिसायचं काही कारणच नाही! तरीही किती फिगर्स असतात ज्यांचे डोळे पांढरेशुभ्र आणि मधे काळा टिपका, भूत बघितल्यासारखे. १/३५ मधे डोळ्याच्या खाचेत गडद तांबूस तपकिरी, वरच्या पापणीची एक गडद रेघ, खाली एक फिकी, झालं. मिचमिचे डोळे करून उन्हात बघणारा माणूस. मोठ्या स्केलला, १/१६ वगैरे, डोळे करावेच लागतात, तिथेही पांढऱ्याऐवजी मळकट फिका रंग आणि बुबुळ वरच्या पापणीत थोडं दडलेलं, पूर्ण गोल दिसलं की दचकलेला दिसतो. डोळे करायचेच असतील तर कातडीच्या आधी करा, बाहेर गेलेलं नंतर कातडीच्या रंगाने झाकता येतं.

चेहऱ्याचे बाकी उंचसखल भाग ठरलेले आहेत. कपाळ, नाकाचा दांडा, गालाचं हाड, खालचा ओठ, हनुवटी, वर तोंड करून आहेत म्हणून उजळ. भुवयांखाली, नाकाखाली, वरचा ओठ, खालच्या ओठाखालची खाच, जबड्याखाली, हे सगळं खाली तोंड करून आहे म्हणून गडद. झेनिथलचा फोटो इथे परत उघडा. चित्रकार लोक अजून एक करतात, चेहऱ्याचे तीन आडवे पट्टे, कपाळ जरा पिवळट, मधला नाक-गाल-कानाचा भाग लालसर, आणि जबड्यावर दाढीचा निळसर राखाडी, पण तो इतका पातळ की लावलाय की नाही असं वाटावं. वाळवंटातल्या शिपायाला नाक, गाल, हाताची वरची बाजू आणि गुडघे जास्त भाजलेले, आणि बाही सरकली असेल तिथे एकदम फिकी कातडी दिसली तर बहार.

आणि हो, बॉटलवर 'फ्लेश' लिहिलंय म्हणून कातडी गुलाबीच असते असं नाही. आठव्या आर्मीत चौथी इंडियन डिव्हिजनही होती, तेव्हा त्याच वाळवंटातले सावळे चेहरे करायचे असतील तर फ्लेशमधे काळा मिसळायचा उद्योग करू नका, मातकट होतं. बेस लालसर गडद तपकिरी, पुढे ऑकर (मातकट पिवळा) घालत घालत उजळ करायचं, पांढरा जवळजवळ नाहीच. सावळ्या कातडीवर उजेड जास्त चमकून दिसतो त्यामुळे हायलाइट लहान आणि ठळक, नाकाच्या टोकावर, गालावर, कपाळाच्या एका बाजूला, आणि सावलीत किंचित जांभळा किंवा निळा. मला तर गोऱ्या चेहऱ्यापेक्षा हे सोपं आणि जास्त जिवंत वाटतं. किटमधली डोकी आवडली नाहीत तर हॉर्नेट कंपनीची रेझिनची डोकी मिळतात, फेट्यावाली सुद्धा, आणि एकदा ती वापरली की प्लास्टिकच्या डोक्याकडे परत जायचं मन होत नाही हा एक खर्चिक धोका आहे.

चेहऱ्याला ऑइल कलर पण वापरून बघा. अ‍ॅक्रिलिकच्या बेसवर ऑइल चालतं, उलटं नाही. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, पुठ्ठा तेल शोषून घेतो, मग रंग चकाकत नाही आणि लवकर वाळतो. लवकर म्हणजे तरी दिवसांत मोजायचं, तासांत नाही, आणि टायटॅनियम व्हाइट तर हट्टीपणा करतो. पण मऊ कोरड्या ब्रशने दोन रंगांची सीमा हलकेच पुसायची सोय अ‍ॅक्रिलिकमधे नाही.

ब्रशबद्दल एकच, तीन शून्यवाले केसाएवढे ब्रश घेऊ नका. त्यात रंग राहतच नाही, टोक डोळ्यापर्यंत पोचेस्तोवर वाळतो. १ किंवा ० नंबरचा चांगल्या टोकाचा कोलिन्स्की सेबल केसांचा ब्रश घ्या, पोटात रंग भरपूर आणि टोक सुईसारखं. हा एक खर्च कंजूषपणा न करता करावा, आणि मेटॅलिक रंगाला तो कधीही लावू नये.

तसंही मेटॅलिक रंग लागतोच किती? रायफलचं लोखंड गडद ग्रे द्यायचं आणि कडेवर पेन्सिलीचं शिसं घासायचं. त्यांच्या त्या ली-एनफिल्डचं लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत असतं, त्यामुळे लोखंड दिसतं तेच थोडं. लाकडाला फिका बेस आणि वरून बर्न्ट सिएना ऑइल, ब्रशने ओढलं की रेषा आपोआप. बूट काळे असले तरी शुद्ध काळा नाही, गडद तपकिरी-ग्रे आणि वर बफ पिगमेंटची, म्हणजे कोरड्या रंगपावडरीची, धूळ, पायमोज्यापर्यंत चढलेली.

शेवटी मॅट वार्निश, पातळ दोन हात. दमट हवेत स्प्रे मारू नका, पांढरी भुकटी धरते आणि सगळी मेहनत धुक्यात जाते. मॅट झाल्यावर खालच्या ओठाला आणि मोठ्या स्केलमधे डोळ्याला सॅटिनचा एकेक टिपका.

बेसवर जाताना मात्र परत स्केल डोक्यात ठेवा. एक मिलिमीटरचा वाळूचा कण १/३५ मधे साडेतीन सेंटीमीटरचा खडा होतो, म्हणजे चाळलेली वाळू लावलीत तरी ते वाळवंट नाही, खडीचा रस्ता झाला. वाळूसाठी पिगमेंट पावडर किंवा अगदी बारीक पुट्टीचा टेक्स्चर, आणि वाळू म्हणून जी आणली ती दगड म्हणून इकडेतिकडे चार. बुटाखाली फट राहू देऊ नका, पुट्टी ओली असतानाच फिगर दाबून बसवा म्हणजे पाऊल थोडं रुततं. आणि पायाशी, उजेडाच्या उलट बाजूला, पातळ तपकिरीची एक छोटी सावली जमिनीवर पण रंगवा. याला काही जण फसवेगिरी म्हणतात. असेल, पण मग शर्टावर आपण आत्तापर्यंत दुसरं काय करत होतो?